शहराने गोड पेयांवर कर लावला तर लोकांच्या आरोग्याला खरंच फायदा होतो का?

होतो, पण जमलेला पैसा कुठे जातो यावर बरंच अवलंबून आहे. अमेरिकेतल्या बर्कली शहराने 2014 मध्ये मतदान घेऊन असा कर मंजूर केला: एका औंसाला, म्हणजे साधारण 30 मिलिलिटरला, एक सेंट. तो वितरकाकडून घेतात. रक्कम कुठे खर्चावी हे सुचवायला तज्ज्ञांची समिती नेमली. त्यातून शाळांमधल्या परसबागा, स्वयंपाकाचे वर्ग, वस्त्यांमधलं आरोग्याचं काम चालतं. अमेरिकेतल्याच सिॲटल शहरात अशाच करातून गरीब घरांना फळं-भाज्या घ्यायला मदत मिळते. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

आपल्याकडे कोल्ड्रिंकवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. पण तो केंद्र आणि राज्याकडे जातो, जळगाव-धुळ्याच्या महापालिकेकडे आरोग्यासाठी राखून येत नाही. इकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, आणि 300 मिलीच्या कोलाच्या बाटलीत जवळपास 30 ग्रॅम साखर असते, सहा-सात चमचे! त्या करातून एसटी स्टँडवर आणि शाळेत स्वच्छ गार पाणी मिळालं, तरी कितीतरी पोरं ती बाटली घेणार नाहीत.