‘आधी फौज, मग बाग’ : बाबांसारखं जमेल का?

पत्र : मी देवगड तालुक्यातला, बारावी सायन्सला आहे. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून 28 वर्षांच्या सेवेनंतर सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमची तीन एकर हापूसची बाग आहे. बाबा रजेवर आले की कातळात खड्डे मारून कलमं लावायचे, ते परत गेले की आई विहिरीवरून कळशीने पाणी घालायची. आता बाबा पहाटे पाचला बागेत असतात, घरी आले की आजीला औषध स्वतःच्या हाताने देतात. मला त्यांच्यासारखंच व्हायचंय. अग्निवीर भरती देऊ की हॉर्टिकल्चरला जाऊ? बाबांना विचारलं तर म्हणतात, ‘तुझं तू बघ.’

उत्तर : मित्रा, तुझ्या पत्रातल्या कळशीपाशी मी थांबले. आधी थोडा हिशेब करू. फौजेत वर्षाला दोन महिने वार्षिक रजा आणि एक महिना किरकोळ रजा. सगळी मिळाली असं धरलं, तरी 28 वर्षांत तुझे बाबा घरी राहिले जेमतेम सात वर्षं. उरलेली एकवीस वर्षं ते घर आणि ती कलमं तुझ्या आईने सांभाळली. आज बाबा आजीला हाताने औषध देतात ना, त्यामागे ही एकवीस वर्षं असणार, असं मला वाटतं. तुला ज्यांच्यासारखं व्हायचंय ते आयुष्य दोघांनी मिळून उभं केलेलं आहे, हे आधी नीट समजून घे.

दुसरी गोष्ट पैशाची. हापूसचं कलम चार-पाच वर्षांनी मोहोर धरायला लागतं, पण घर चालेल एवढं उत्पन्न यायला आठ-दहा वर्षं जातात. त्यातही हापूस वर्षाआड धरणारा. शिवाय मोहोरावर तुडतुडे, फुलकिडे, अवकाळी पाऊस, आणि एवढं निभावून फळ कापलं तर आत साका, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा! कलमं लहान होती तेव्हा तुमचं घर पगारावर चाललं. आजही एखाद्या साली आंबा आला नाही, तरी महिन्याच्या महिन्याला पेन्शन जमा होते. बाबा बागेत निवांत दिसतात त्याचं निम्मं कारण ते आहे.

आणि तीच वाट अग्निवीर भरतीत मिळत नाही. 2022 पासून सुरू झालेल्या या योजनेत सेवा चार वर्षांची, त्यानंतर फार तर 25 टक्के जणांना कायम करतात. बाकीचे सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी घेऊन बाहेर पडतात, पेन्शन नाही. बाविशी-तेविशीत पदवी हातात नाही आणि बाग अजून बाबांच्या हाताखालची, अशा जागी तू उभा राहशील. गणवेशाची ओढ खरी असेल तर मी तुला अडवणार नाही. फक्त हे माहीत असू दे.

माझं मत विचारशील तर आधी बी.एस्सी. (ऑनर्स) हॉर्टिकल्चर कर. चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश एमएचटी-सीईटीतून. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं उद्यानविद्या महाविद्यालय तुझ्याच जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यात मुळद्याला आहे. याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने 1981 मध्ये नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ ही साका न होणारी जात दिली. देठासकट फळ उतरवणारा नूतन झेलाही याच विद्यापीठाचा. बाबांच्या हातातला झेला एकदा निरखून बघ. चीक फळावर ओघळू नये एवढ्यासाठी कोणीतरी किती विचार केलाय, ते कळेल. हे शिक्षण तुमच्या तीन एकरांना रोज उपयोगी पडेल.

फौजेचं दारही त्याने बंद होत नाही. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला सीडीएस परीक्षा देऊन डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत अधिकारी म्हणून जाता येतं. वयात बसत असशील तर यंदा बारावीवरच अधिकारी-प्रशिक्षणाला नेणाऱ्या एनडीएच्या परीक्षेचाही फॉर्म भरून टाक, यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते.

माजी सैनिकांच्या मुलांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलांना महिना 2500, मुलींना 3000 रुपये. बारावीला किमान 60 टक्के हवेत आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बाबांना बरोबर घेऊन जा आणि तुझा अभ्यासक्रम यादीत आहे ना, ते तिथेच विचार. माहिती नसल्यामुळे हे पैसे गमावलेली मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

‘तुझं तू बघ’ हे बाबांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. मुलाला आपल्या मागे ओढल्याचं ओझं त्यांना नको असावं. त्यांना करिअरचं विचारू नकोस, बागेचं विचार. कुठल्या साली काय गेलं, फवारणीला किती लागले, पेटीला दलालाने काय भाव दिला. ते बोलतील.

आणि आईला कळशीच्या त्या वर्षांबद्दल विचार. ती काय म्हणाली ते मला जरूर लिही.