बहिणीला आखाजीला बोलावू नका, आधी फारकतीचा कागद बघा

प्रश्न : आम्ही अमळनेर तालुक्यातले. माझ्या बहिणीचं २०१५ मध्ये चोपडा तालुक्यात लग्न झालं होतं. पटलं नाही म्हणून २०१७ मध्ये पंचांसमोर फारकत झाली, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केली. कोर्टात कोणी गेलं नाही. त्या मुलाने नंतर दुसरं लग्न केलं, त्याला दोन मुलं आहेत. बहीण नोव्हेंबर २०२२ मध्ये टुरिस्ट व्हिसावर न्यू जर्सीला मावसबहिणीकडे गेली. मे २०२३ पर्यंतची मुदत होती, ती परत आली नाही. तिथे एका दुकानात कामाला आहे. गेल्या वर्षी तिने मूळच्या नवसारीकडच्या, पण अमेरिकेचा नागरिक असलेल्या मुलाशी तिथल्या कोर्टात लग्न केलं. आता एक एजंट म्हणतो, तिला इकडे आणा, गावात लग्न लावा, नवरा तिला बायको म्हणून सहा महिन्यांत परत बोलावेल. पहिल्या लग्नाचं फॉर्मात लिहायची गरज नाही, असंही तो सांगतो. आई रोज म्हणते, आखाजीले (अक्षय्य तृतीयेला) तरी ये. काय करावं?

भाऊ, बहिणीने आत्ता भारतात यायचं नाही. आखाजीला नाही, लग्नाला नाही, कोणी आजारी पडलं तरी वकिलाला विचारल्याशिवाय नाही. हे वाक्य आईला वाचून दाखवा आणि मगच पुढचं वाचा.

अमेरिकेत मुदत संपल्यावर एक वर्ष किंवा जास्त बेकायदा राहिलेला माणूस देश सोडून बाहेर पडला, की त्याला दहा वर्षं परत प्रवेश मिळत नाही. १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत राहिला असेल तर तीन वर्षं. १९९७ पासून हा नियम लागू आहे. यातली मेख अशी की तिथे राहत असताना ही बंदी लागत नाही, विमानात बसून बाहेर पडलं की लागते. तुमच्या बहिणीचं एक वर्ष मे २०२४ मध्येच उलटलं. एजंटाचं ऐकून ती मुंबईला उतरली, तर नवरा नागरिक असूनही दहा वर्षं इकडे अडकेल. या बंदीतून माफी मागता येते, पण त्यासाठी अमेरिकेतल्या नवऱ्याला असह्य हालअपेष्टा होतील हे सिद्ध करावं लागतं. आईचं वय, तिची तब्येत, तुमची ओढ यांचं त्या अर्जात काहीच वजन नाही. आणि पहिल्या लग्नाचा गुंता तसाच असेल, तर तो नवरा कायद्याने नवराच ठरणार नाही, मग माफी मागणार कशाच्या जोरावर?

तिथेच राहून अर्ज करण्याची वाट मात्र तिला खुली आहे, आणि चांगली खुली आहे. ती व्हिसा घेऊन, विमानतळावर अधिकाऱ्यासमोरून, शिक्का मारून आत गेली. असा माणूस अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको असेल, तर मुदत उलटून राहिल्याबद्दल आणि परवान्याशिवाय काम केल्याबद्दल त्याचा ग्रीन कार्डचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचा, अर्ज अडत नाही. कायद्यानेच ती सूट दिली आहे. नवरा नुसता ग्रीन कार्डधारक असता तर ही सूट मिळाली नसती. म्हणून त्याचा अमेरिकन पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र तिने डोळ्यांनी पाहावं. नात्यातल्या माणसांच्या तोंडून ‘सिटिझन आहे’ असं ऐकलेलं चालत नाही. मी अशी प्रकरणं पाहिली आहेत ज्यात तो शब्द ग्रीन कार्डासाठीच वापरला होता.

एका गोष्टीला मात्र ही सूट नाही. नोकरी लागताना, लायसन्स काढताना किंवा कुठल्याही फॉर्मवर तिने ‘मी अमेरिकेची नागरिक आहे’ या चौकटीत खूण केली आहे का, हे आजच विचारा. रोखीच्या पगारावर काम केलं, ते माफ होतं. ही खोटी खूण जवळजवळ माफ होत नाही. जॉर्जिया राज्यात पटेल आडनावाच्या एका भारतीय माणसाने लायसन्सच्या अर्जात ती खूण केली होती. चुकून झाली, असं तो सांगत राहिला. त्यावर विश्वास बसला नाही, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा तथ्यांच्या निष्कर्षात न्यायालयं हात घालू शकत नाहीत. एका खुणेपायी त्याचा ग्रीन कार्डाचा रस्ता बंद झाला.

आता फारकतीकडे येतो, कारण तुमच्या प्रकरणाचं खरं दुखणं अमेरिकेत नाही, चोपड्यात आहे.

आपल्याकडे खान्देशात अनेक समाजांत पंच बसतात, देणंघेणं मिटतं, स्टॅम्प लिहिला जातो आणि दोन्ही घरं मोकळी झाली असं समजतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीनुसार होणारी फारकत शाबूत ठेवली आहे, म्हणजे ती सरसकट बेकायदा नाही. पण तुमच्या समाजात अशी रूढी आहे, ती जुनी आहे, सलग चालत आलेली आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर विसंबणाऱ्याची. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं आहे. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की सही त्याच माणसाने केली. लग्न मोडलं की नाही, हे नोटरी ठरवत नाही. (तुम्ही भिल्ल, पावरा किंवा दुसऱ्या अनुसूचित जमातीचे असाल तर हिंदू विवाह कायदा तुम्हाला मुळात लागूच नाही. मग सगळा विचार जमातीच्या रूढीवरून करावा लागेल. पत्रात समाज लिहिलेला नाही, तो मला कळवा.)

रूढी सिद्ध झाली नाही तर २०१५ चं लग्न अजून उभं आहे, न्यू जर्सीतलं लग्न रद्दबातल आहे, आणि रद्दबातल लग्नावर ग्रीन कार्ड मिळत नाही. शिवाय पहिलं लग्न उभं असताना गावात मांडव घालून दुसरं लावणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्ह्याचा पुरावा स्वतःच्या हाताने तयार करणं. एजंटाने तुम्हाला हेही सांगितलं नसणार.

दोन वाटा आहेत. पहिली, २०१७ ची फारकत रूढीनुसार झाली आणि लग्न तेव्हाच संपलं, अशी घोषणा न्यायालयाकडून मिळवणं. पहिला नवरा या दाव्यात तुमचा शत्रू नाही. त्याने दुसरं लग्न केलं आहे, घरात दोन मुलं आहेत. फारकत खोटी ठरली तर त्याचाही संसार कायद्याने लटकतो. म्हणून त्याच्या घरी भांडायला जाऊ नका, धमकी देऊ नका, पैशांची भाषा आधी काढू नका. दोघांचं हित एकच आहे, हे त्याच्या घरच्या एखाद्या समजूतदार माणसामार्फत पोचवा. पण त्याने कबूल केलं म्हणून न्यायालय डोळे झाकून घोषणा देत नाही. फारकतीला बसलेले पंच हयात आहेत तोवर त्यांच्या साक्षी हव्यात. समाजात याआधी अशा फारकती झाल्या, त्यानंतर त्या बायकांची पुन्हा लग्नं लागली आणि समाजाने ती मानली, अशी नावानिशी उदाहरणं हवीत. समाजाच्या पंचायतीच्या जुन्या वह्या, देण्याघेण्याच्या पावत्या, जे असेल ते काढा. हा निकाल मिळाला तर न्यू जर्सीतलं लग्नही टिकतं आणि त्याचंही टिकतं. म्हणून वेळ जास्त लागला तरी माझी पसंती याच वाटेला आहे.

रूढीचा पुरावा लंगडा निघाला, तर दुसरी वाट हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब ची, संमतीच्या घटस्फोटाची. वर्षभर वेगळं राहणं ही अट केव्हाच पुरी झाली आहे. दोन टप्प्यांमधले सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर, २०१७. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की पक्षकार येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरता येतं, आणि आईवडील किंवा भावंडं यांना त्याच्या वतीने उभं राहू देता येतं. म्हणजे बहीण न्यू जर्सीत आणि तुम्ही इकडे कोर्टात, हे शक्य आहे. अर्ज जिथे लग्न लागलं किंवा जिथे दोघं शेवटचे एकत्र राहिले त्या भागातल्या न्यायालयात जाईल. या वाटेने घटस्फोट हुकुमाच्या तारखेपासून होतो, मागच्या तारखेपासून नाही. त्यामुळे तिला हुकूम हातात आल्यावर त्याच मुलाशी तिथल्या कोर्टात पुन्हा लग्न करावं लागेल, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज त्या नव्या लग्नावर होईल. पहिल्या नवऱ्याचा संसार मात्र या वाटेने उघडा पडतो, म्हणून तो इथे सहज सही करणार नाही, हे धरून चाला.

पहिलं लग्न फॉर्मात लिहायचं का, या तुमच्या प्रश्नाला एकच उत्तर आहे: लिहायचं. आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी करायचा अर्ज) आणि आय-४८५ (तिचा स्वतःचा ग्रीन कार्डाचा अर्ज) या दोन्ही अर्जांत आधीची लग्नं विचारतात, ती कशी संपली हेही विचारतात. लपवलं आणि उघड झालं, तर चूक मुदतीची राहत नाही, फसवणुकीची होते. आणि अशा गोष्टी उघड होतात. २०२२ मध्ये टुरिस्ट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरला तेव्हाही वैवाहिक स्थिती विचारली होती. तिथे काय लिहिलं होतं? अविवाहित, घटस्फोटित, की विवाहित? न्यू जर्सीत लग्नाचा परवाना काढताना काय लिहिलं? दोन्ही कागदांच्या प्रती काढून तिथल्या वकिलासमोर ठेवा. काही खोटं लिहिलं गेलं असेल, तर ते वकिलाला आधी कळू द्या, मुलाखतीच्या खोलीत अधिकाऱ्याकडून नको.

वकील म्हणजे त्या देशात सनद असलेला इमिग्रेशनचा वकील. तिथला ‘नोटरी’ वकील नसतो, जळगाव-सुरतचा एजंट तर नसतोच, आणि मीही तिकडचा अर्ज भरू शकत नाही. इकडचा निकाल येईपर्यंत अर्ज थांबवावा, असं माझं मत आहे, कारण आज अर्ज नाकारला गेला तर हद्दपारीची नोटीस मागोमाग येऊ शकते. पण ही वेळ कधी साधायची ते त्या वकिलाने ठरवावं. अर्ज पडून असला म्हणजे अटकेपासून अभय मिळालं, असंही समजू नये.

पैशांची तयारी आत्तापासून ठेवा. एप्रिल २०२४ च्या दरांनुसार आय-४८५ ची फी १४४० डॉलर आणि कागदी आय-१३० ची ६७५. वकिलाचे वेगळे. नवऱ्याला उत्पन्नाची हमी द्यावी लागते, ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के. कमी पडलं तर दुसरा जामीनदार चालतो. मुलाखतीत संसार खरा आहे का हे पाहतात: एकत्र भाडेकरार, एकत्र खातं, विम्यावर नाव. मंजुरीच्या वेळी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अटी काढण्याचा अर्ज करावा लागतो. जन्माचा दाखला नसेल तर ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्या दोघांची प्रतिज्ञापत्रं, शाळा सोडल्याचा दाखला जोडून.

आईसाठी एक गोष्ट. अर्ज दाखल झाल्यावर बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी मागता येते. म्हाताऱ्या आईवडिलांना बघायला अशी परवानगी घेऊन भारतात आलेल्या एका जोडप्याच्या खटल्यात २०१२ मध्ये तिथल्या अपील मंडळाने ठरवलं की अशा जाण्याने दहा वर्षांची बंदी लागत नाही. तरीही परतताना प्रवेश देणं अधिकाऱ्याच्या हातात असतं, म्हणून कार्ड येण्याआधी ती जोखीम घेऊ नये असं मला वाटतं. तोवर आईनेच टुरिस्ट व्हिसा मागून पाहावा. व्हिसा मिळेलच असं नाही, पण त्या अर्जात मुलगी कुठे आणि कशी राहते हे विचारलं तर खरं सांगावं लागेल, म्हणून तोही वकिलाला दाखवूनच भरा.

या आठवड्यात एक काम सुरू करा. तुमच्या नावाने बहिणीचं कुलमुखत्यारपत्र. तिने तिथे नोटरीसमोर सही करायची, राज्याचं अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र) घ्यायचं आणि मूळ प्रत कुरियरने पाठवायची. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, त्यामुळे कुरियरचं पाकीट आणि त्यावरची तारीख फेकू नका. फारकतनाम्याची मूळ प्रत कोणाच्या कपाटात आहे ते शोधून ठेवा, आणि येताना पंचांपैकी जे हयात आहेत त्यांची नावं लिहून आणा.