जुनी बोट घ्या, पण घरावर कर्ज काढून नको

प्रश्न थोडक्यात असा. मिनिआपोलिसजवळच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचकांना १९५९ ची सोळा फुटी अल्युमाक्राफ्ट मोटरबोट मिळते आहे. ट्रेलर आणि ३५ अश्वशक्तीचं जॉन्सन इंजिन धरून १,४०० डॉलर. दुरुस्तीचा दुकानाने दिलेला अंदाज ११,०००. घरावरची क्रेडिट लाइन, म्हणजे हेलॉक (घर तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायची सोय), मंजूर होऊन पडली आहे. तिच्यातून पैसे उचलायचे, दोन-तीन उन्हाळे बोट वापरायची आणि १५,००० ला विकायची, असा बेत. मुलगी पंधरा वर्षांची, तीन वर्षांनी कॉलेजला जाईल. पत्नीचं मत एका ओळीत: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

वहिनींचा हिशेब बरोबर आहे. तुमचा का चुकतो ते आधी सांगतो.

१५,००० हा आकडा तुम्ही जाहिरातींत पाहिलाय. ती मागितलेली किंमत. बोट कितीला गेली ते जाहिरातीत नसतं. शिवाय चकचकीत केलेल्या अशा बोटींमागे बहुतेक वेळा मालकाचे स्वतःचे हात असतात, आणि आपल्या हिवाळ्यांची मजुरी तो कधीच धरत नाही. तुम्ही ती दुकानाला रोख देणार. त्यात तुम्ही राहता ते मिनेसोटा राज्यच या बोटींचं माहेर. युद्धानंतर अ‍ॅल्युमिनियम मुबलक झालं आणि १९४६ मध्ये मिनिआपोलिसमध्येच अल्युमाक्राफ्ट सुरू झाली. अशा बोटी बनवणाऱ्या दुसऱ्या दोन कंपन्याही इथल्याच: क्रेस्टलायनर लिटल फॉल्सची, लुंड न्यूयॉर्क मिल्सची. अ‍ॅल्युमिनियम लाकडासारखं कुजत नाही, त्यामुळे त्या काळच्या बोटी अजूनही गराजांत, गोठ्यांत पडून आहेत. म्हणजे वस्तू जुनी आहे, दुर्मिळ नाही, आणि भाव करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. कराचा नियमही एकतर्फी: वैयक्तिक वापराची वस्तू नफ्यात विकली तर नफ्यावर कर, तोट्यात विकली तर तोट्याची वजावट नाही.

हेलॉकला माझा साफ नकार आहे. व्याजदर बदलता असतो आणि तारण तुमचं राहतं घर. ज्या कर्जातून घर घेतलं, बांधलं किंवा सुधारलं, त्याच्याच व्याजाची करात वजावट मिळते. झोपायची सोय, स्वयंपाकघर आणि शौचालय असलेली बोट दुसरं घर म्हणून बसू शकते, पण तुमच्या उघड्या बोटीत तर बाकांशिवाय काहीच नाही! ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यामधून कर्ज काढायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा.

आता त्या ११,००० कडे. अंदाजपत्रकातली सगळ्यात मोठी ओळ रंगाची आहे: जुने थर खरवडणं, प्रायमर, दोन रंगी पट्टे. हे सगळं मजुरीचं काम, आणि नेमकं हेच लांबवता येतं. उघडं अ‍ॅल्युमिनियम स्वतःवर ऑक्साइडचा थर चढवून गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. न टाळता येणारी कामं दोनच. एक, ट्रान्सम, म्हणजे इंजिन ज्यावर टांगतात ती मागची फळी. आतलं प्लायवूड कुजलेलं असेल तर इंजिनाचा भार ती पेलणार नाही. दोन, गळणारे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे. ही दोन्ही कामं सुताराची हत्यारं हाताळणारा माणूस गराजात करू शकतो, फक्त रिव्हेट ठोकताना आतून लोखंड धरायला दुसरा माणूस लागतो, इतकंच. सामानाला काही शे डॉलर पुरतात. मात्र फळीसाठी दुकानातलं तांब्याचं रसायन मुरवलेलं ट्रीटेड लाकूड आणू नका. ओल्या फळीतलं तांबं शेजारचं अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि वाचवलेले पन्नास डॉलर पत्र्यात भोकं पाडतात.

इंजिनाबाबत मी जरा कडक आहे. एव्हिनरूड या बोटीच्या इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, त्याचं भावंड जॉन्सन, म्हणजे तुमचं इंजिन, त्याआधीच संपलं होतं. सुटे भाग अजून मिळतात, पण ठिणगी पाडणाऱ्या जुन्या कॉइल तडकलेल्या असतात आणि दुरुस्त करणारे कमी होत चालले आहेत. दोन्ही सिलिंडरचा कॉम्प्रेशन (आतल्या दाबाचा) आकडा जवळजवळ सारखा आला तरच त्यावर खर्च करा. नाही आला तर इंजिनाची किंमत शून्य धरून भाव करा.

विम्याचं एक वाक्य लक्षात असू द्या: पॉलिसी 'ठरलेल्या किमतीची' हवी, म्हणजे बोट गेली तर आधी ठरवलेली रक्कम मिळते. साधी पॉलिसी घसारा वजा करून पैसे देते, आणि १९५९ च्या बोटीला घसाऱ्यानंतर काय उरणार? पावत्या आणि फोटो त्यासाठीच जपायचे. ट्रेलर ड्राइव्हवेवर ठेवायला सोसायटीची, तुमच्याकडच्या एचओएची, परवानगी आहे का तेही पाहा. नसेल तर जागेचं भाडं दर महिन्याला आलंच.

माझं मत: आणीबाणीचा सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल आणि मुलीच्या ५२९ खात्यातला (कॉलेजखर्चासाठीच्या बचतीचा) हप्ता चालू राहणार असेल, तर बोट घ्या. विकत घेण्यापासून पाण्यात उतरेपर्यंत सगळं मिळून ४,५०० डॉलर, सगळे रोख, आणि हे पैसे गेले असं समजून. पहिल्या हिवाळ्यात फळी आणि रिव्हेट, मग ट्रेलरचे टायर व बेअरिंग, मग इंजिन. रंग मुलगी कॉलेजला गेल्यावर. पूर्ण दुरुस्ती करायला बसलात तर तिचे उरलेले उन्हाळे गराजातच जातील. ते नको असेल आणि हाताने काम करायची हौसही फारशी नसेल, तर दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त केलेली बोट शोधा. त्याने ओतलेले सगळे पैसे त्याला परत मिळत नाहीत, आणि तिथे फायदा तुमचा.

पैसे देण्यापूर्वी स्क्रूड्रायव्हर घेऊन फळी खालच्या कडेला टोचून बघा, आणि बोटीत पाणी भरून खाली कुठे ठिबकतं ते खडूने खुणा करा. मालक तयार नसेल तर घाई नको. मेमध्ये १,४०० मागणारा माणूस बर्फ पडायच्या तोंडावर बोट झाकायचा खर्च वाचावा म्हणून बराच खाली येतो. नोव्हेंबरात पुन्हा फोन करा.