वीजबिलावरचा शहराचा कर : मतदानाआधी काय पाहावे?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियातील एका छोट्या शहरात भाड्याच्या घरात राहतो. वीज, गॅस आणि टेलिफोनच्या बिलांवर पाच टक्के कर लावण्याचा प्रस्ताव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर ठेवावा का, यावर आमच्या सिटी कौन्सिलमध्ये सध्या वाद सुरू आहे. पाठिंबा देणारे सदस्य म्हणतात की पैसा अग्निशमन दलासाठी लागणार आहे; मसुद्यात मात्र तसा शब्दही नाही. ही फसवणूक समजावी का? शिवाय मला मताधिकार आहे, पण पत्नीकडे ग्रीन कार्डच आहे. तिला या बाबतीत काही म्हणता येईल का?

उत्तर : फसवणूक म्हणता येणार नाही, पण मसुद्यातले हे मौन जाणूनबुजून पाळलेले असते. राज्याच्या मतदारांनी १९९६ साली संमत केलेल्या प्रपोझिशन २१८ नुसार शहराला नवा कर मतदारांच्या संमतीशिवाय लावता येत नाही. हा पैसा सर्वसाधारण निधीत जाणार असेल, तर मतदारांचे साधे बहुमत पुरते. तो एखाद्या ठरावीक कामासाठीच राखून ठेवायचा असेल, तर कौन्सिलने आणलेल्या प्रस्तावाला दोन तृतीयांश मते लागतात. अग्निशमन दलाचे नाव कायद्याच्या भाषेत बांधून घातले की मंजुरीची पायरी उंच होते, म्हणून ते नाव भाषणात येते आणि मसुद्यातून गळते. काही शहरे सोबत एक सल्लावजा प्रश्नही मतपत्रिकेवर ठेवतात, पण त्याचा कौल कौन्सिलवर बंधनकारक नसतो. सर्वसाधारण कर मुळातच वाईट आहे असे मी म्हणणार नाही, कारण ग्रंथालय, रस्ते आणि उद्याने याच निधीवर चालतात. मात्र भाषणातल्या आश्वासनावर विसंबून मत देऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

टक्केवारीकडे विशेष लक्ष द्या, कारण खरी मेख तिथे आहे. २०० डॉलरच्या बिलावर पाच टक्के म्हणजे १० डॉलर होतात. वीज कंपनीने दर वाढवले आणि तेवढ्याच वापराचे बिल २६० डॉलरवर गेले, तर शहराला १३ डॉलर मिळतात, आणि या वाढीसाठी मतदारांना पुन्हा कोणी विचारत नाही. कर वापरकर्त्यावर असतो आणि कंपनी तो बिलातून वसूल करून शहराकडे भरते. त्यामुळे बिल तुमच्या नावावर असेल, तर भाडेकरू असूनही तो तुम्हीच भरणार. म्हणूनच कराला मुदत आहे का, कमाल दर किती आहे आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सूट आहे का, या तीन गोष्टी मूळ मसुद्यातच शोधा. मतपत्रिकेवरचा प्रश्न फार तर ७५ शब्दांचा असतो. त्यात हे सारे मावत नाही.

इंटरनेट जोडणीवर मात्र असा कर लावायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे.

तुमच्या पत्नीला मत देता येणार नसले, तरी बोलता नक्कीच येईल. १९५३ च्या ब्राऊन कायद्यानुसार कौन्सिलच्या नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते आणि प्रत्येक विषयावर नागरिकत्वाची अट न घालता लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. बिल त्याही भरतात, तेव्हा त्यांनी संकोच करण्याचे कारण नाही. एरवी साध्या बहुमताने चालणाऱ्या कौन्सिलला सर्वसाधारण कर मतपत्रिकेवर नेण्यासाठी दोन तृतीयांश सदस्य लागतात. पाच जणांच्या कौन्सिलमध्ये ते चार होतात. म्हणजे दोन सदस्य अडून बसले, तर प्रस्ताव थांबतो किंवा त्यात मुदतीची अट घालून घेता येते. मात्र हे सगळे ठराव होण्याआधीच व्हायला हवे : नोव्हेंबरच्या मतपत्रिकेसाठीचा ठराव निवडणुकीच्या ८८ दिवस आधी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीलाच, काउंटीकडे पोहोचवावा लागतो, आणि त्यानंतर मसुदा बदलून घेण्याची संधी जवळजवळ उरत नाही.