दुसरा भाऊ कुठे आहे?

लिहित्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी बारा वर्षं मराठीत कथा लिहिते आहे. दोन संग्रह निघाले. गेल्या वर्षापासून स्वतःच्याच कथा इंग्रजीत करायला घेतल्या आहेत. शब्द सुचतात, वाक्यंही जमतात. पण ज्यांना म्हणून दाखवलं, त्यांनी आर्टिकल आणि टेन्सवर लाल खुणा करून पानं परत केली. व्याकरणाचं पुस्तक उघडलं की परीक्षेचा हॉल डोळ्यांपुढे येतो आणि लिहायची इच्छाच मरते. कथा लिहिणाऱ्याला हे सगळं खरंच लागतं का? भाषा तर वाहती असते ना? (नाव छापू नये.)

उत्तर : ‘भाषा वाहती असते’ हे वाक्य मीही पुष्कळ वर्षं वापरलं. नंतर लक्षात आलं, की मला एखादी गोष्ट येत नसली की नेमकं तेव्हाच ते तोंडात यायचं. येत असलेल्या गोष्टींबद्दल मी कधी भाषेला वाहू दिलं नाही. तिथे मी फार कडक होते.

माझा अहंकार उतरला तो एका स्वल्पविरामामुळे. माझ्या एका कथेत आजारी आई आहे, तिची उस्तवार करणारी मुलगी आहे आणि उशिरा येणारा भाऊ आहे. मूळ वाक्य असं : ‘परदेशात राहणारा तिचा भाऊ शेवटी आला.’ मी इंग्रजीत केलं, ‘हर ब्रदर हू लिव्ह्ड अब्रॉड केम होम अ‍ॅट लास्ट.’ एका नियतकालिकाच्या संपादिकेने पान परत पाठवलं. समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं : ‘दुसरा भाऊ कुठे आहे?’

मी चिडले. दुसरा भाऊ नव्हताच. बाईंनी कथा नीट वाचली नाही, असं घरभर सांगत फिरले. दोन दिवसांनी राग ओसरल्यावर वाक्य पुन्हा वाचलं. इंग्रजीत ‘हू लिव्ह्ड अब्रॉड’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम नसेल, तर तो तुकडा निवड करतो : अनेक भावांपैकी कोणता, तर परदेशातला. स्वल्पविराम दिले की तोच तुकडा जाता जाता दिलेली माहिती होतो : भाऊ एकच, आणि तो परदेशात राहतो. म्हणजे दोन स्वल्पविराम गाळून मी त्या घरात आणखी एक मुलगा जन्माला घातला होता. मराठीतलं ‘परदेशात राहणारा तिचा भाऊ’ ही निवड करायला भाग पाडत नाही. भाऊ एक असो की तीन, वाक्य तेच राहतं. त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

आणि मग मला घाम फुटला, कारण दुसरा भाऊ होता. कथेत नव्हता, माझ्या टिपणवहीत होता. अगदी लहानपणी गेलेला, ज्याचं नाव घरात कोणी काढत नाही. कथेतून मी त्याला काढून टाकला होता. शेवटी असं केलं, की निवेदनातल्या वाक्यात स्वल्पविराम घातले. पण आई शेजारणीशी बोलते त्या वाक्यात, ‘माय सन हू लिव्ह्ज अब्रॉड’, मुद्दाम घातले नाहीत. घरात मुलगा एकच उरलाय असं निवेदन सांगतं, आईचं वाक्य मात्र अजून दोघांतून एकाची निवड करतं. किती वाचकांना ते कळलं असेल, देव जाणे. मराठी मूळ कथेत हे करायला मला एक अख्खा परिच्छेद लागला असता.

तुम्हाला आर्टिकलच्या खुणा आल्यात म्हणून तिकडे वळते. ‘पत्र मंगळवारी आलं’ आणि ‘मंगळवारी पत्र आलं’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात पत्राची वाट पाहणारं कुणीतरी आहे. ते पत्र आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, बातमी आहे ती मंगळवारची. दुसऱ्यात मंगळवार हातात आहे आणि पत्र अचानक टपकलंय. हा फरक आपण शब्दांची जागा बदलून करतो आणि आपण काही केलं हे आपल्याला कळतही नाही. इंग्रजी तो ‘द लेटर’ आणि ‘अ लेटर’मध्ये करते. मी ‘पत्र मंगळवारी आलं’चं ‘अ लेटर केम ऑन ट्यूजडे’ केलं होतं, आणि ती कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाट पाहण्याची! पहिल्याच शब्दात मी वाट पाहणारीला हाकलून दिलं होतं.

म्हणजे ‘अ’ आणि ‘द’ हा कथेतला अगदी मुळातला प्रश्न आहे : कोणाला काय, कधीपासून माहीत आहे? तुम्ही बारा वर्षं तोच प्रश्न सोडवताय. म्हणून तुम्हाला हे जड जाऊ नये. जड जातं ते ‘स्वराआधी अ‍ॅन, व्यंजनाआधी अ’ असं पाठ करून घेतल्यामुळे. इतिहास तर उलटाच आहे. ‘अ‍ॅन’ आधीचं, ते आणि ‘वन’ एकाच जुन्या शब्दातून आलेत, आणि व्यंजनापुढे त्याचा ‘न’ झडून ‘अ’ उरलं. आपलं ‘एक माणूस होता’मधलं ‘एक’ तसंच. या ‘न’ची ओढाताणही झाली : ‘एप्रन’ मुळात ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ ऐकता ऐकता लोकांनी ‘अ‍ॅन एप्रन’ ऐकलं आणि ‘न’ कायमचा आर्टिकलकडे गेला. ‘न्यूट’ या प्राण्याला नेमका उलट्या दिशेने ‘न’ मिळाला. हे कळल्यावर मला आर्टिकलची भीती वाटेनाशी झाली.

टेन्सचं म्हणाल तर माझ्या अंगावर आलं ते ‘हॅड’. पूर्वस्मृतीचं एक पान मी भाषांतरित केलं, त्यात तेवीस ‘हॅड’ निघाले. शी हॅड गॉन, शी हॅड सीन, शी हॅड ओपन्ड. वाचताना उचक्या लागल्यासारखं वाटत होतं. इंग्रजीत मुरलेले लेखक काय करतात हे पाहायला मी आवडत्या कथांतल्या पूर्वस्मृती पेन्सिल घेऊन वाचल्या. बहुतेक जण मागे जाताना दोन-तीनदा ‘हॅड’ वापरतात, आणि वाचक एकदा तिथे पोचला की साध्या भूतकाळात येतात. परतताना पुन्हा एखादा ‘हॅड’ किंवा नुसतं ‘नाऊ’. दार उघडायला ‘हॅड’ लागतो. आत गेल्यावर दर पावलाला दार उघडत बसायचं नसतं. मग सहज मूळ मराठी पान काढलं, तर तिथेही ‘गेली होती, पाहिलं होतं, उघडलं होतं’ अशी होतं-होतंची रांग. बारा वर्षांत एकाही समीक्षकाने ती दाखवली नव्हती. मराठी संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ते पान मी दुरुस्त केलं.

‘हॅव’चं एक सांगून थांबते. जिवंत लेखिकेच्या परिचयात ‘शी हॅज रिटन फाइव्ह नॉव्हेल्स’ लिहितात. ती गेली की ‘शी रोट फाइव्ह नॉव्हेल्स’. जिवंत माणसाला ‘रोट’ही चालतं, पण गेलेल्याला ‘हॅज’ सहसा खपत नाही. त्या ‘हॅज’मध्ये सहावी कादंबरी येण्याची शक्यता धरलेली असते. तसंच, ‘ही हॅज लिव्ह्ड हिअर फॉर थर्टी इयर्स’ म्हटलं तर माणूस अजून त्याच घरात आहे. ‘ही लिव्ह्ड हिअर फॉर थर्टी इयर्स’ म्हटलं की घर रिकामं झालं. तुमच्या लाल खुणा पुन्हा काढा आणि प्रत्येकीपाशी विचारा, या चुकीने माझ्या कथेत काय बदललं? कोण मेलं, कोण जन्मलं? (माझ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर अजून ‘हॅज’ आहे, तोवर काळजी नाही.)

प्रश्न : माझ्या इंग्रजी नाटुकल्यात एक कमी शिकलेलं पात्र आहे. त्याच्या तोंडी मुद्दाम चुकीचं इंग्रजी घातलं. दिग्दर्शक म्हणाले, ‘हे खोटं वाटतंय.’ चुकीचं बोलणाऱ्याचं चुकीचं इंग्रजी खोटं कसं असेल?

उत्तर : दिग्दर्शक बरोबर असणार. कोणीही वाटेल तिथे चुकत नाही. ज्याला आपण ‘चुकीचं’ म्हणतो, त्यालाही स्वतःचं व्याकरण असतं, आणि ते मोडलं की ऐकणाऱ्याला खटकतं. ठसठशीत उदाहरण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीचं. त्यात ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो नेहमी कामावर असतो. आत्ता या क्षणी तो झोपलेला असला तरी चालेल. आत्ता काम चाललंय असं सांगायचं तर ‘ही वर्किंग’, ‘बी’ न लावता. प्रमाण इंग्रजीला ‘नेहमी’ हा अर्थ असा एका ‘बी’वर आणता येत नाही. हे ठाऊक नसलेला लेखक ‘गावंढळ’ रंग भरायला वाटेल तिथे ‘बी’ पेरतो आणि तिथेच पकडला जातो.

दोन नकारांचंही तसंच. ‘आय डोन्ट नो नथिंग’ला शाळेत दोन नकार मिळून होकार होतो म्हणून फुली मारतात. पण असं बोलणाऱ्याला ‘मला काहीतरी माहीत आहे’ असं म्हणायचं नसतं, आणि ऐकणाऱ्यालाही तसं कधी वाटत नाही. दुसरा नकार पहिल्याला जोर देतो. चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या काळच्या इंग्रजीत ते सर्रास होतं.

तेव्हा आधी ठरवा : तुमचं पात्र इंग्रजी कुणाकडून शिकलं? त्याची पहिली भाषा कोणती? मराठी असेल तर त्याची आर्टिकल गळतील, पण क्रियापद गळणार नाही. कदाचित ते वाक्याच्या शेवटाकडे सरकू पाहील. एकच सवय निवडा, ती शेवटपर्यंत पाळा, बाकी इंग्रजी नीट ठेवा. आणि हो, तुम्हाला जी चूक स्वतःला टाळता येत नाही, ती पात्राला देऊ नका. आपण कुठे चुकलो आणि ते कुठे चुकलं, हे तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

प्रश्न : ‘वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन (टू, फ्रॉम, विथ असे शब्द) नको’, ‘टू आणि क्रियापदाच्या मध्ये शब्द नको’, ‘एका माणसाला दे (they) म्हणू नका’. एकेक जण एकेक नियम सांगतो. पाळायचे कोणते?

उत्तर : हे तिन्ही विसरलात तरी चालेल. पहिल्याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. १६७२ मध्ये इंग्रजी कवी ड्रायडनने आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सनच्या ओळीत शेवटी प्रेपोझिशन आल्याबद्दल नाक मुरडलं. स्वतःच्या लिखाणातही ही खोड आहे हे त्याने कबूल केलं. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथने व्याकरणाचं छोटं पुस्तक काढलं. याच लाउथच्या नावावर पुष्कळ कडक नियम खपवले जातात. त्याने लिहिलं, की गंभीर शैलीत प्रेपोझिशन आधी आलेलं बरं दिसतं. आणि शेवटी प्रेपोझिशन ठेवण्याच्या लकबीबद्दल लिहिताना वाक्य केलं : ‘धिस इज अ‍ॅन इडियम, विच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइन्ड टू.’ शेवटचा शब्द बघा. हा मनुष्य व्याकरणाआधी ऑक्सफर्डमध्ये कवितेचा प्राध्यापक होता, त्यामुळे हा विनोद त्याने जाणूनबुजून केला असावा असं मला वाटतं. पुढच्यांनी त्याची पसंती घेतली, गंमत टाकून दिली आणि नियम केला.

एकट्या माणसासाठी ‘दे’ तर चौदाव्या शतकापासून चालू आहे. मधल्या शब्दाविषयीची तक्रार मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली.

माझी कसोटी सोपी आहे. नियम मोडल्यावर अर्थ बदलतो का? भावांची संख्या बदलते, मेलेला जिवंत होतो, पत्राची वाट पाहणारी नाहीशी होते, तर तो नियम तुमच्या कामाचा. नुसती कुणाची तरी भुवई वर जात असेल, तर ती कुणाची आहे ते बघून ठरवा.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं का?

उत्तर : नको. स्वतःच्या कथेचं पहिलं पान घ्या आणि त्यातल्या प्रत्येक ‘द’भोवती गोल करा. मग एकेका गोलाला विचारा : ही वस्तू वाचकाला याआधी कुठे भेटली? माझ्या एका पानावर असे चौदा निघाले. नऊ बरोबर होते. पाच वाचकाला कधी भेटलेच नव्हते. त्यातले तीन बदलले. दोन तसेच ठेवले, कारण ते वाचकाला नसले तरी खिडकीशी बसलेल्या बाईला भेटलेले होते, आणि कथा तिच्या डोळ्यांनी चालली होती.