'केंटे'ला उपरणे म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अमेरिकी विद्यापीठांच्या बातम्यांत 'ब्लॅक ग्रॅज्युएशन' आणि 'डॉनिंग ऑफ द केंटे' (केंटे म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचे विणलेले कापड) असे शब्द येतात. त्यांना 'कृष्णवर्णीयांचा वेगळा पदवीदान समारंभ' आणि 'केंटे उपरणे परिधान' म्हटले तर चालेल का?

पहिल्यात 'पदवीदान' खटकते, कारण तिथे पदवी दिलीच जात नाही. हा सोहळा बहुधा मुख्य समारंभाच्या काही दिवस आधी होतो आणि विद्यार्थी दोन्हीकडे जातात. 'वेगळा' म्हटले की त्यांना मुख्य समारंभातून बाजूला काढल्यासारखे वाटते; तिथला वर्णभेदाचा इतिहास पाहता ही चूक लहान नाही. 'पदवीगौरव सोहळा' म्हणावे. 'कृष्णवर्णीय' ठीक आहे. 'आफ्रिकन-अमेरिकन' लिहिले तर कॅरिबियन बेटांतून किंवा थेट आफ्रिकेतून आलेली मुले सुटू शकतात. 'ब्लॅक' तसाच ठेवला तरी बिघडत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेच्या प्रेरणेने दलित पँथर स्थापन झाली, तेव्हापासून 'ब्लॅक पँथर' मराठीत रुळलेलाच आहे.

केंटे हे घानातल्या असांते आणि एवे विणकरांचे कापड. अरुंद मागावर साधारण चार इंच रुंदीची लांब पट्टी विणतात आणि अशा पट्ट्या काठाला काठ लावून शिवतात. घानात पुरुष ते अंगभर, एक खांदा उघडा ठेवून नेसतात. त्यामुळे नुसते 'केंटे नेसली' लिहिले तर भलतेच चित्र उभे राहते. पदवीधरांच्या अंगावर असतो तो गाऊनवरून गळ्याभोवती घेऊन पुढे दोन्ही बाजूंना सोडलेला पट्टा. पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर विद्यापीठात त्याचा वापर १९९३ पासूनचा आहे. 'उपरणे' आकाराने जवळचे, पण त्यासोबत धोतर आणि पूजा डोळ्यांपुढे येते. 'शेला' आकाराने मोठा असला तरी त्यात मान आहे. म्हणून 'केंटे शेला'.

'परिधान' मात्र नकोच. या सोहळ्याचा गाभा असा की पदवीधर शेला स्वतः घेत नाही. त्याने निवडलेली व्यक्ती, म्हणजे आई, आजी, एखादे प्राध्यापक, तो त्याच्या खांद्यांवर घालते. 'परिधान'मध्ये ती व्यक्तीच गायब होते. 'आजीने नातीला केंटे शेला पांघरवला' हे सरळ वाक्य, आणि सोहळ्याचे नाव 'केंटे शेला पांघरवण्याचा सोहळा'. लांबते खरे, पण शेला पांघरवणारे माणूस त्यात राहते.

छायाचित्राखाली ओळ लिहिताना एक बघा. बरेच शेले छापील पॉलिएस्टरचे असतात. कापड उलटले की मागची बाजू फिकट दिसते. अशा वेळी 'केंटे नक्षीचा शेला' लिहा. 'केंटे' हे नाव विणलेल्या कापडासाठी ठेवा.