योजनेचे कार्ड आणि ओळखीचे डॉक्टर

प्रश्न : आम्ही घाटंजी तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आहोत. वडिलांचे वय ६३ असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. छातीत दुखू लागल्याने त्यांना नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात नेले. तेथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून त्यांची अँजिओप्लास्टी झाली. पैसे भरावे लागले नाहीत, याची जाणीव आहे; परंतु ज्याने त्याने कागदच पाहिले, वडिलांशी निवांतपणे कोणीच बोलले नाही. सुटी देताना मधुमेहाची एक गोळी सकाळी नाश्त्याआधी घ्यायला सांगितली. तीच गोळी आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी पूर्वी मुद्दाम बंद केली होती, कारण वेचणीच्या दिवसांत वडील नुसत्या चहावर घर सोडतात आणि शिदोरी दुपारीच उघडतात. महिनाभराने ते शेतात जाऊ लागले आणि एके दिवशी घाम फुटून, भोवळ येऊन धुऱ्यावर पडले. पुढे योजनेच्या रुग्णालयातच जावे, की पदरचे पैसे खर्चून आपल्या डॉक्टरांकडे राहावे?

उत्तर : आधी तातडीचे सांगतो. चिठ्ठीची जी प्रत आपण पाठवली आहे, तीत ग्लिमेपिराइड ही गोळी दिसते. ती घेऊन वेळेवर जेवण झाले नाही, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि वडिलांची भोवळ त्याच प्रकारची वाटते. तालुक्याच्या डॉक्टरांना ही चिठ्ठी आजच दाखवा आणि तोवर वडिलांना उपाशीपोटी शेतात जाऊ देऊ नका. मात्र रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, कारण त्या मध्येच थांबवल्यास स्टेंटमध्ये, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी बसवलेल्या जाळीदार नळीत, गुठळी होण्याचा धोका असतो.

आता आपल्या मूळ तक्रारीकडे वळतो. ती रास्त आहे आणि केवळ त्या रुग्णालयापुरती नाही. योजनेत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. भरतीनंतर आरोग्यमित्रामार्फत, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसामार्फत, नोंदणी होते, खाटेवरील रुग्णाचे छायाचित्र आणि तपासण्यांचे अहवाल संगणकावर चढवले जातात, मंजुरी येते आणि उपचारानंतर पुन्हा कागद पाठवल्यावर रुग्णालयाला पैसे मिळतात. या साऱ्या साखळीत अँजिओप्लास्टीला रकाना आहे. पण आपल्या वडिलांची शिदोरी किती वाजता सुटते, हे लिहायला कोठेही जागा नाही. जे विचारल्याबद्दल पैसे मिळत नाहीत आणि जे न विचारल्याने दावा अडत नाही, ते घाईगर्दीच्या वॉर्डात विचारायचे राहून जाते. अमेरिकेत १९७३च्या कायद्याने अशा, पैसे देणाऱ्याचे उपचारांवर नियंत्रण असलेल्या आरोग्यसेवेला बळ मिळाले आणि तेथील डॉक्टर व रुग्णही विमा कंपनीच्या पूर्वपरवानगीबद्दल असेच त्रासून बोलतात.

म्हणून नियंत्रणच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. गरीब कुटुंबांसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळात, २०१२मध्ये, शेजारच्या छत्तीसगडमध्ये दाव्याच्या पैशांसाठी स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढल्याचे प्रकार उघडकीस आले होते. त्या बायाही आपल्यासारख्याच शेतावर राबणाऱ्या होत्या. कागद तपासणारे कोणीतरी हवेच. शिवाय आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना या योजनेत घेतले गेले, तेव्हा आपल्या यवतमाळातील कितीतरी घरांचे शेत सावकाराकडे जाता जाता वाचले असेल. जुलै २०२४पासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि ते सोडून देण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

पण विमा म्हटला की ओळख संपलीच पाहिजे, असेही नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने वर्धा जिल्ह्यातील गावांत अनेक वर्षे ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला. सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, गावातच प्राथमिक उपचार मिळायचे आणि गरज पडल्यास सेवाग्रामला भरती व्हायचे, अशी ती रचना होती. पैसा सांभाळणारे आणि रुग्ण तपासणारे तेथे एकमेकांना अनोळखी नव्हते. आजच्या योजनेचा भर भरतीवर आहे. सुटीनंतर ठरावीक दिवसांपुरतीच औषधे मिळतात आणि मधुमेहासारख्या जन्मभराच्या आजाराची बाह्यरुग्ण देखरेख तिच्या कक्षेबाहेर राहते. तालुक्याच्या डॉक्टरांनी वडिलांसाठी वर्षानुवर्षे जे केले, त्याला या हिशेबात मोल नाही, हे मला फार खुपते. ते मोल मिळावे, अशी मागणी ग्रामसभेने ठराव करून आरोग्य खात्याकडे का पाठवू नये?

तोवर दोन्ही धरून ठेवा. हृदयाची तपासणी आणि पुढे लागली तर शस्त्रक्रिया योजनेतून करा. साखर आणि रक्तदाब मात्र तालुक्याच्या डॉक्टरांच्या हाती राहू द्या. खर्च जड जात असेल, तर मधुमेह आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. नागपूरला जाण्याआधी तालुक्याच्या डॉक्टरांकडून अर्ध्या पानाचे पत्र घ्या. कोणती गोळी का बंद केली, जेवणाच्या वेळा काय, मूत्रपिंडाचा शेवटचा अहवाल कसा, एवढे त्यात पुरे. भरतीच्या वेळी ते पत्र केसपेपरला लावायला सांगा. तोंडी सांगितलेले पाळी बदलली की विसरले जाते, लावलेला कागद पुढच्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येतो. सुटीच्या वेळीही चिठ्ठीतील एकेक गोळी का दिली, हे विचारूनच उठा. एखादा उपचार ‘योजनेत बसत नाही’ असे सांगितले, तर आरोग्यमित्राकडे कारण लेखी मागा आणि १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यात शिक्षिका आहे. माझी खासगी आरोग्य विमा पॉलिसी आहे. डॉक्टरांनी सकाळीच सुटी दिली, तरी कंपनीची मंजुरी न आल्याने आईला रात्रीपर्यंत खाटेवर अडकून राहावे लागले. हे नियमात बसते का?

उत्तर : बसत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार रोकडविरहित उपचाराच्या विनंतीवर एका तासात आणि सुटीच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. त्याहून उशीर झाल्याने रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा असतो. रुग्णालयाने अंतिम बिल कंपनीला किती वाजता पाठवले, ती वेळ विमा कक्षातून लिहून घ्या आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तेथे दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही.